फोन की कॅमेरा, महिना तिसरा: विसर्जनाची रात्र, कासची फुलं आणि बारा बाय अठराच्या प्रिंट

फोन चांगला की डीएसएलआर कॅमेरा हे मी दोन महिने दोन्हीकडे फोटो काढून बघतोय, पण जुलै-ऑगस्टमध्ये केलेली सगळी तुलना बाद धरा. दोन्हीकडचे फोटो मी फोनच्याच स्क्रीनवर बघत होतो, म्हणजे पिच त्याचं, अंपायर त्याचा, आणि वर मीच सांगतोय की बघा फोन जिंकला. सहा इंची स्क्रीनवर शार्प करून, रंग चढवून, सावल्या उजळून दिलेला फोटो भारी दिसणारच, आणि त्याच्या शेजारी कॅननचा काहीही न केलेला फोटो म्हणजे अंघोळ न करता लग्नाला आलेला पाहुणा. म्हणून या महिन्यात ठरवलं की निकाल प्रिंटवर लावायचा.

सामान तेच. सेकंडहँड कॅनन १५००डी, १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम), आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). फोन कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळे कंपनीवरूनच भांडत बसतात. ५० मेगापिक्सेल, एफ १.८, सेन्सर (उजेड टिपणारी चिप) १/१.५६ इंची, एवढं पुरे.

आधी एक हिशोब, जो मी दोन महिन्यांपूर्वीच करायला हवा होता. फोनचा सेन्सर साधारण ८.२ बाय ६.१ मिलिमीटर, म्हणजे ५० चौरस मिलिमीटर. कॅननचा २२.३ बाय १४.९, म्हणजे ३३२. साडेसहापट मोठा! हे वाचूनच तर मी कॅमेरा घेतला होता. पण फोनची लेन्स एफ १.८ आणि किट लेन्स पूर्ण वाइडला एफ ३.५, तिथेच जवळपास पावणेचारपट उजेड गेला, उरला पावणेदोनपटीच्या आसपास फायदा. आणि तेवढा तर फोन पाच-दहा फ्रेम काढून एकमेकांवर बसवून सहज भरून काढतो. म्हणजे रात्री किट लेन्स लावून "डीएसएलआर असून नॉईज का येतो" असं, म्हणजे फोटोत रवा का दिसतो असं, मी जे रडत होतो त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. ५० एमएम लावली की मात्र साडेसहापट अख्खे हातात येतात.

हेच विसर्जनाच्या रात्री प्रत्यक्ष बघायला मिळालं. आधी मंडळाचा देखावा, काहीच हलत नाही. किट लेन्स, हातात धरून, शटर १/२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००: ठीकठाक, सावल्यांत रवाळ. फोन नाइट मोडमध्ये: स्वच्छ, मखराच्या मागची नक्षीसुद्धा दिसते. फोन जिंकला, वाद नाही. मग गंमत म्हणून फोन प्रो मोडमध्ये टाकून रॉ (सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल) काढला. माझ्या फोनमध्ये रॉ म्हणजे एकच फ्रेम, जुळवाजुळव काही नाही, आणि ती फाइल कॉम्प्युटरवर उघडल्यावर अक्षरशः तीळ पेरल्यासारखी दिसत होती. फोनची सगळी जादू त्या जुळवण्यात आहे हे तेव्हा नीट कळलं.

मग ढोल-ताशा पथक आलं आणि चित्र उलटलं. हलणाऱ्या माणसांच्या दहा फ्रेम एकमेकांवर बसणार कशा? एका फोटोत एका वादकाच्या हातात अडीच टिपरू, दुसऱ्यात ताशेवाल्याचा पंजाच गायब, मनगटानंतर थेट हवा. ५० एमएम एफ १.८ वर, १/२५०, आयएसओ १६०० ते ३२००, आणि टिपरू ढोलावर आदळतानाचा क्षण जसाच्या तसा. रवा आहे, पण तो प्रिंटमध्ये मला तरी खटकत नाही. एक घोळ मात्र झाला. एलईडी लाइटच्या समोर काही फोटो अर्धे काळपट आले. आपली वीज ५० हर्ट्झची, लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, शटर त्याच्या मधेच बंद होतं. १/१०० वर आणल्यावर पट्टे गेले पण मग टिपरू हलले, म्हणजे धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. शेवटी जागाच बदलली आणि हॅलोजनच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. फोकससाठी फक्त मधला पॉइंट वापरा, बाकीचे आठ अंधारात नुसते चाचपडत बसतात.

आता कासचं पठार. साताऱ्यात राहून तीन वर्षं गेलो नव्हतो, लाज वाटायला हवी. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, फोटोत जांभळे-पिवळे गालिचे दिसतात पण एकेक फूल नखाएवढं असतं, त्यामुळे ही खरं तर मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून मोठं करून काढण्याची जागा आहे. ५० एमएमला एक्स्टेन्शन ट्यूब लावली, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी, जिच्यामुळे अगदी जवळून फोकस होतो. स्वस्तातल्या ट्यूबला इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट नसतात, मग कॅननच्या लेन्सचं भोक पूर्ण उघडंच राहतं, अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, आणि फुलाची एक पाकळी फोकसमध्ये आणि बाकी सगळं दही. मी आधी तीच घेऊन पैसे घालवले. कॉन्टॅक्टवाली घ्या.

ढगाळ, वारा सुटलेला, एफ ८, १/२५०, आयएसओ ८००. वीस फोटोंतले तीन शार्प, कारण गेंदाचा (पांढऱ्या बोंडासारखं इवलं फूल) दांडा दोऱ्याएवढा आणि वारा थांबायला तयार नाही. फोनचं दुखणं वेगळं. त्याला ते पांढरं बोंड दिसतच नाही, तो थेट मागच्या गवतावर फोकस करतो. यावर उपाय सापडला: फुलाच्या शेजारी त्याच अंतरावर बोट धरायचं, बोटावर फोकस लॉक करायचा, बोट काढायचं. शंभर टक्के चालतं. आणि तो दोन मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा विसरून जा, मेन कॅमेऱ्यानेच थोडं लांबून २एक्स वर काढा.

दवबिंदू नावाच्या रोपाच्या बाबतीत मात्र फोनने मला चकित केलं. हे किडे खाणारं रोप, पानाच्या केसांवर चिकट थेंब. सेन्सर छोटा असल्यामुळे फोनला फोकसची खोली आपोआप जास्त मिळते, त्यामुळे पुढचे-मागचे जवळजवळ सगळे थेंब स्पष्ट. कॅननवर एफ ८ लाही निम्मे थेंब धूसर, एफ १३ केलं तर आयएसओ वर चढतो नाहीतर वाऱ्यात हलतं. बोके बोके (मागचं धूसर होणं) म्हणून आपण नाचतो, इथे तोच नको होता. शिवाय पावसाची सर आली तेव्हा कॅमेरा पिशवीत आणि फोन शर्टाला पुसून परत कामावर. (फोटोसाठी फुलांवर लोळणारे दोघे दिसले. वाटेवर पोटावर झोपूनही तोच अँगल मिळतो, कपडे तसेही घाण होणारच असतात.)

प्रिंट. तीन जोड्या, बारा बाय अठरा इंच. कॅननचे ६००० पिक्सेल १८ इंचांत म्हणजे इंचाला ३३३, फोनच्या १२.५ मेगापिक्सेल फोटोचे साधारण २२७. पहिल्या खेपेला लॅबमधून सीतेची आसवं (कासचं निळसर जांभळं फूल) चक्क गुलाबी होऊन आली, निळसर जांभळ्याचा पत्ताच नाही. विचारलं तर काका म्हणाले, "अरे, आम्हाला वाटलं तुझा कलर बिघडलाय, म्हणून करेक्शन मारलं." दुसऱ्या खेपेला आधीच सांगितलं, "काका, करेक्शन करू नका, फाइल आहे तशी टाका." तेव्हा कुठे रंग आला. तुम्हीही सांगत जा.

सहा फुटांवरून फरक? देखाव्यात आणि दवबिंदूत मला स्वतःलासुद्धा ओळखता आला नाही, खरं सांगतो. हातात घेतल्यावर मात्र पठाराच्या फोटोत फरक दिसतो. फोनमधलं गवत म्हणजे हिरवा लगदा, नॉईज पुसता पुसता पातीच पुसून टाकल्यात, आणि फुलांच्या कडेला पांढरी रेघ. कॅननमध्ये पात मोजता येते. आईला काही न सांगता तिन्ही जोड्या दाखवल्या, तिने दोनदा फोन निवडला. म्हटलं का गं, तर म्हणे "हा उजेडातला वाटतो, तुझा तो दुसरा मळकट आहे." मग त्या दुसऱ्याची रॉ फाइल डार्कटेबलमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडून सावल्या थोड्या उचलल्या, पुन्हा प्रिंट काढली, तेव्हा तिने ती घेतली आणि फ्रिजवर लावली. म्हणजे दहा मिनिटं माझी मेहनत आणि एक जादा प्रिंटचा खर्च, जे फोनने फुकटात आणि सेकंदात केलं होतं.

पुढच्या महिन्यात पक्षी. मावसभावाकडून ५५-२५० (लांबचं जवळ आणणारी लेन्स) मिळतेय, त्याची एकच अट, लेन्सला फंगस लागू द्यायची नाही, म्हणून आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणायला चाललोय.