फास्टर फेणे आमच्या गावभागात आला होता

ऑगस्ट 2019, सांगलीचा पूर. आम्ही विश्रामबागला मावशीकडे, दोन खोल्यांत अकरा माणसं, आणि दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर. 45 फुटाची धोका पातळी कधीच मागे पडलेली, 2005 ला पाणी 54 च्या जवळ थांबलं होतं तेही ओलांडलं, आता 57 म्हणतायत. गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं आणि आजीच्या बीपीच्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात राहिल्या होत्या. सारखं तेच डोक्यात, की निघताना दरवाजापासून चार पावलांवर होता तो डबा.

झोप लागत नव्हती म्हणून मावसभावाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला घेतलं. आधी आपलंच लिहून बघितलं, "आमच्या स्वयंपाकघरात पाणी" एवढं झालं आणि पुढे हातच चालेना. मग काय सुचलं माहीत नाही, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला बोलावलं, फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची पुस्तकं मी शाळेत असताना नगर वाचनालयातून आणून आणून वाचलेली (त्या वाचनालयातली हजारो पुस्तकं त्याच पुरात भिजून गेली, ते अजून आठवलं की पोटात तुटतं). तर बन्या आला, सायकल उंचावर ठेवली, गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत बसला, आमच्याकडे पुरात खरंच काहील होडीसारखी वापरतात, आणि एक फळी वल्ह्यासारखी मारत आमच्या बोळात शिरला. तुळशीवृंदावनाचा फक्त माथा दिसत होता. फ्रीज आडवा होऊन छताकडे तोंड करून तरंगत होता आणि तो डबा त्याच्यामागे भिंतीला लागून हलत होता, बन्याने हात घालून उचलला आणि त्याचं ते नेहमीचं, ट्टॉक!

हे सगळं मला माझ्या डोळ्यांनी बघवत नव्हतं पण त्याच्या डोळ्यांनी बघवलं. फाफेला काही होत नाही हे वाचणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं ना, त्यामुळे तो बरोबर असला की पाण्यात थांबता येत होतं, नीट बघता येत होतं.

8 तारखेला जवळच्या ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं बुडाली. बातमी ऐकून त्या रात्री बन्याला तिकडे पाठवायला बसले, दोन ओळी लिहिल्या आणि पान फाडलं. ती माणसं खरी होती, त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं, त्यांना माझ्या गोष्टीत वाचवायचा मला हक्क नाही असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. त्याऐवजी बन्या मावशीच्या जिन्यात पायरीवर गप्प बसलेला लिहिला. त्या पानावर ट्टॉक नाही.

दुसऱ्याचं पात्र घेऊन असं आपलं लिहिण्याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला खूप नंतर कळलं. त्याच महिन्यात, 18 ऑगस्टला, अशा गोष्टी साठवणाऱ्या आर्काइव्ह ऑफ अवर ओन या साइटला डब्लिनमध्ये विज्ञानकथांच्या जगातला मोठा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता, आणि आम्ही त्या दिवसांत फावड्याने घरातला गाळ ओढत होतो. तेव्हा कळलं असतं तर बरं वाटलं असतं, की जगात इतकी माणसं हेच करतायत.

2021 च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं. आई म्हणाली आधी कागदपत्रं घे, मी कागदपत्रं घेतली, आणि त्याच पिशवीत आजीच्या गोळ्या आणि ती वही घातली.