पाजणाऱ्या आईचे हृदय

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि घरात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि शेकशेगडी यांचे राज्य सुरू झाले. या सगळ्या खटाटोपाचा हिशेब शेवटी 'बाळाला दूध पुरते ना?' या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो; पाजण्याने आईच्या शरीरात काय घडते, याची चौकशी कोणी करत नाही. मला स्वतःला पन्नाशीनंतर रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा मीठ, झोप, वडिलांचा आजार असे सारे विचारले गेले, पण माझ्या दोन बाळंतपणांविषयी अवाक्षर निघाले नाही. म्हणून मीच वाचायला बसले.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या संशोधकांनी आठ अभ्यासांतील सुमारे १२ लाख स्त्रियांची माहिती एकत्र तपासली आणि २०२२ च्या जानेवारीत निष्कर्ष मांडले. आयुष्यात कधीतरी अंगावर पाजलेल्या स्त्रियांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ११ टक्क्यांनी आणि पक्षाघात १२ टक्क्यांनी कमी आढळला. त्याआधी, २०१७ मध्ये, चीनमधील सुमारे २ लाख ९० हजार स्त्रियांच्या पाहणीत, प्रत्येक मुलाला दोन वर्षे किंवा अधिक काळ पाजणाऱ्या मातांचा हृदयविकाराचा धोका, मुळीच न पाजलेल्या मातांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी दिसला होता.

यामागची उपपत्ती मला पटण्याजोगी वाटते. गरोदरपणात शरीर पुढच्या खर्चासाठी साठा करते: पोटाभोवती चरबी जमते, रक्तातील मेद वाढतो आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. पाजताना रोज सुमारे ५०० कॅलरी खर्च होतात, म्हणजे ज्यासाठी साठवले त्यासाठीच ते वापरले जाते आणि विस्कटलेली घडी लवकर बसते. साठा तसाच राहिला तर तो पुढे हृदयाला जड जातो, असे हे अनुमान आहे.

अनुमानच म्हणायचे, कारण जिला दोन वर्षे पाजता येते तिची प्रकृती, सवड आणि घरची साथ मुळातच बरी असू शकते. शिवाय मधुमेह किंवा लठ्ठपणा असलेल्या बाळंतिणीला दूधच उशिरा उतरते. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ रुग्णालयांतील १७,०४६ मायलेकरांवर एक प्रयोग झाला. कोणत्या रुग्णालयात स्तनपानाला विशेष प्रोत्साहन द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. तिथे तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळे ४३ टक्के होती, तर इतरत्र जेमतेम ६ टक्के. तरीही साडेअकरा वर्षांनी दोन्ही गटांतील मातांच्या वजनात आणि रक्तदाबात लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात, पाजायला सुरुवात सगळ्यांनीच केली होती आणि हृदयविकाराचे वय अजून बरेच दूर होते.

लाभ असावा, पण बेताचा, असे माझे मत झाले आहे. तिसऱ्या आठवड्यात लेकीला दूध कमी पडले आणि वरचे सुरू करावे लागले, तेव्हा भेटायला आलेल्या एका नात्यातल्या काकूंनी 'आमच्या वेळी' अशी सुरुवात केली. मी चहा पुढे करून तो विषय तिथेच थांबवला. नवव्या महिन्यात लेकीचा रक्तदाब वाढला होता आणि लघवीतून प्रथिने जात होती. अशा स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुपटीने असतो, हे मात्र बऱ्याच अभ्यासांतून दिसलेले आहे. ती नोंद मी तिच्या फाइलीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहे, आणि माझे रक्तदाबाचे यंत्र आता तिच्या उशाशी असते.