सरांनी फळी उचलली नाही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि सर डोळ्यांपुढे उभे राहिले. स्नेहसंमेलनं, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार. ‘सर’ म्हणजे कोण, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

नववीला अणूच्या रचनेचा धडा आला, तेव्हा सरांनी पुस्तक उघडलंच नाही. कार्यानुभवाच्या खोलीतून प्लायवूडची मोठी फळी आणली. खालून मधोमध लाकडाचा ठोकळा ठोकलेला, त्याचा आकार आम्हाला ठाऊक नाही. फळी फरशीवर ठेवली की चारी बाजूंनी गोटी जाईल एवढी फट राहायची. फटीतून गोटी सोडायची, कुठून बाहेर येते ते पाहायचं आणि तिची वाट वरच्या कागदावर पेन्सिलीने आखायची. वाकून बघायचं नाही.

बऱ्याच गोट्या सरळ पलीकडे गेल्या, काही तिरक्या वळल्या. एखादी आल्या वाटेने परत यायची; म्हणजे तिथली कड तिच्या वाटेला काटकोनात. रेषा वाढत गेल्या आणि मधल्या कोऱ्या जागेत त्रिकोण दिसू लागला. वर्गाने एकमताने त्रिकोण ठरवला. सर काही बोलले नाहीत. खिशातून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे काढून म्हणाले, “आता हे सोडा.” एका बाजूवरून छर्रे भलतीकडेच उडू लागले. त्या कडेला बारीक खाच होती. गोटी आत शिरत नव्हती, म्हणून तिला ती कळलीच नव्हती.

मग सरांनी मँचेस्टरचा प्रयोग सांगितला. १९०९ साली तिथे शास्त्रज्ञ रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत त्याचा सहकारी गायगर आणि जेमतेम विशीतला विद्यार्थी मार्सडेन अंधारात डोळे सरावेपर्यंत बसत आणि धातूच्या पातळ पत्र्यावरून उलटलेल्या अल्फा कणांच्या (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण) पडद्यावरच्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजत. साधारण ८००० कणांत एक मागे फिरत होता. तेवढ्यावरून १९११ साली रदरफोर्डने अणूचं केंद्रक, म्हणजे मधला इवलासा जड गाभा, मांडलं. सोन्याच्या अणूत ते अणूच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाहूनही लहान.

तास संपला तसा गलका झाला, “सर, फळी उचला ना!” सर म्हणाले, “रदरफोर्डला कुणी उचलून दाखवली होती? तुमच्या रेषा काय म्हणतात ते सांगा.” फळी तशीच कपाटात गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज मी बॉयलरच्या वेल्डची अल्ट्रासोनिक तपासणी करतो. पोलाद कापायचं नाही, ध्वनी सोडणारा प्रोब वरून फिरवायचा आणि परतलेल्या ध्वनीवरून आतली भेग ओळखायची. दोन मेगाहर्ट्झ वारंवारतेला ध्वनीची पोलादातली तरंगलांबी सुमारे ३ मिलिमीटर, पाचला सव्वा मिलिमीटरच्या आसपास. बारीक भेग शोधायची तर बारीक तरंग लागतो. नव्या मुलांना हे शिकवताना मी छर्‍यांचीच गोष्ट सांगतो. माझ्या सहीवर बॉयलर चालू होतो, त्या सहीमागे सर आहेत.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. हाच धडा आता स्क्रीनवर चालतो. लाल ठिपके आपोआप उलटतात आणि केंद्रक आधीच रंगवलेलं असतं. मुलांना शोधायला काही उरतच नाही, याचं फार वाईट वाटलं. कार्यानुभवाच्या खोलीत जुनी बाकं रचून ठेवली आहेत. ती खोली या वर्षी मोकळी करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. प्लायवूड, करवती आणि छर्रे आमच्या तुकडीकडून येतील. सुतारकाम शिकवायला दर शनिवारी मी येईन.