तपासणी सुरू आहे

सोमवार

गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीत सुई घालून पेशी तपासायला दिल्या होत्या, त्याचा रिपोर्ट आला. बेथेस्डा वर्ग ३.

डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर एक ते सहा आकडे लिहून समजावलं. १ म्हणजे नमुना पुरेसा मिळाला नाही, २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कर्करोग. माझी ३ वर. पेशी जरा वेगळ्या दिसतायत, पण ठामपणे काही म्हणता येत नाही. "तीन महिन्यांनी परत सुई घालून बघू. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, आणि नाही निघाल्या तरी सहसा फार सावकाश वाढतात. थांबायला हरकत नाही."

थांबायला हरकत नाही. रिक्षात बसल्यावर हेच तीन-चार वेळा मनात घोळवलं.

सुई घातली त्या दिवशी खांद्यांखाली उशी देऊन मान मागे टाकायला लावली होती. "काकू, आता आवंढा गिळू नका." गिळू नका म्हटलं की घशात आवंढाच येतो. छताकडे बघत मी लेकीचे आठवडे मोजत बसले. या आठवड्यात बत्तीस पुरे होतील. ती जर्मनीत श्टुटगार्टला आहे, पहिलं बाळंतपण. पाच आठवड्यांनी मला तिथे पोचायचंय. गोधडी अर्धी शिवून झालीये, सुती साड्यांची, आत माझ्या आईचं एक लुगडं घातलंय.

तिला काहीच सांगितलेलं नाही. ह्यांचंही तेच म्हणणं होतं, अशा दिवसांत तिच्या जिवाला घोर कशाला.

बुधवार

संध्याकाळी विम्याचे एजंट आले होते. आमच्याच सोसायटीत राहतात, ह्यांच्या मेडिक्लेमचं तेच बघतात, माणूस कामाला धावून येणारा. जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला प्रवास विमा लागतोच, निदान ३०,००० युरोंचा, मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा. हे मला माहीत होतं. मला विचारायचं होतं ते गाठीबद्दल.

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. आधीपासून काही आजार आहे का, हो किंवा नाही.

"नाही लिहा काकू. निदान कुठे झालंय? नावच नाही त्या आजाराला, तर लिहिणार काय?"

क्षणभर मला ते पटलं. खरंच, काय लिहू? मला कॅन्सर आहे असं कुणी म्हटलेलं नाही. मी बरी आहे असंही कुणी म्हटलेलं नाही. पण मग मी चष्मा लावून अटींचा मजकूर वाचायला घेतला. एजंट चहा पीत थांबले. आधीपासूनचा आजार म्हणजे फक्त निदान झालेला आजार नव्हे. ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला दिला किंवा उपचार सुचवले, तोही त्यात आला. माझ्याकडे सोनोग्राफी आहे, सुईचा रिपोर्ट आहे, "तीन महिन्यांनी पुन्हा" असं लिहिलेली चिठ्ठी आहे. तिन्हींवर तारखा आहेत. उद्या तिकडे काही झालं आणि क्लेम केला, तर कंपनी पहिल्यांदा जुने कागद मागवणार. आणि गाठ लपवली होती म्हटल्यावर, पाय मोडला असला तरी माझ्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. जावयांनी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन माझ्यासाठी हमीपत्र दिलंय. त्यात राहण्या-खाण्याचा खर्च येतो, तसा आजारपणाचाही येतो. विम्याने हात वर केले आणि तिथल्या सरकारला माझ्या उपचारांवर पैसे घालावे लागले, तर ते जावयांकडून वसूल होणार. बाळाचे पहिले दिवस, आणि माझ्या एका "नाही"पायी त्यांच्या डोक्यावर बिल. छे.

एजंटना म्हटलं, "मी लिहिणार." त्यांना वाईट वाटलं. त्यांना माझं भलंच करायचं होतं, हे मला कळतं. पण कितीतरी घरांत असाच सल्ला दिला जातो आणि आपली माणसं चांगल्या मनाने सही करतात, याची आज भीती वाटली.

शुक्रवार

एका कंपनीच्या संकेतस्थळावर "हो" टिचकवलं, तर पुढचं पानच उघडेना. आपणास ही पॉलिसी देता येत नाही, एवढं एक वाक्य आलं. कुठला आजार, कुठल्या टप्प्यावर, काही विचारलंसुद्धा नाही. दुपारभर मन नाराज होतं. आजारी माणसासाठी रकाना आहे, धडधाकट माणसासाठी आहे. ज्याचं अजून ठरायचंय त्याच्यासाठी एखादी ओळ ठेवायला काय हरकत आहे? रिपोर्टची वाट बघत दिवस काढणारी माणसं काय थोडी असतात?

दुसऱ्या कंपनीने निदान कागद तरी मागवले. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. थायरॉइडची गाठ, तपासणी सुरू, सध्या त्रास नाही, प्रवासास हरकत नाही. ही चिठ्ठी लागतेच, कारण डॉक्टरांनी नको म्हटलं असताना केलेला प्रवास विम्यात बसत नाही. आणि डॉक्टरांनीच आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. नव्वद दिवस राहिले तर दुसरी सुई फार लांबेल. मग बेत साठ दिवसांवर आणला. तारखेला बाळंत झाली तर सव्वा महिना जेमतेम होईल. बाळाला न्हाऊ-माखू घालायचे दिवस तेवढेच मिळतील.

शनिवार

पॉलिसी मिळाली. गाठ आणि गाठीशी संबंधित सगळं वगळलंय. जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरते उपचार, तेही ठरावीक रकमेपर्यंत. बाकी ताप, पडणं-झडणं, अपघात, सगळं आहे. फोनवरच्या मुलीला मुद्दाम विचारलं, निघण्याआधीच गाठीमुळे प्रवास रद्द करावा लागला तर? तिने स्पष्ट सांगितलं, मिळणार नाही, कारण ते आधीपासून माहीत आहे. तिचा हा सरळपणा मला आवडला. मग तिकीट जरा महाग पडलं तरी पैसे परत मिळणारं काढलं. ह्यांनी आधी का-कू केली, नंतर काही बोलले नाहीत.

रात्री ती प्रत पुन्हा उघडून बघितली. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर आणि त्याखाली एक ओळ, थायरॉइडची गाठ, तपासणी सुरू आहे. आठवडाभर मी हे घरात मोठ्याने बोलले नव्हते. ते छापून आलेलं बघितलं आणि का कोण जाणे, छातीवरचं ओझं थोडं कमी झालं.

आणि मग लक्षात आलं, व्हिसाच्या फाइलीसाठी जावई सगळ्या कागदांच्या प्रती मागतायत. ही प्रत लेकीच्याही डोळ्यांखालून जाणार.

रविवार

गाठीची ओळ झाकून पाठवावी, असंही एकदा मनात आलं होतं. नाही केलं. विमा कंपनीला खरं सांगायचं आणि पोटच्या पोरीला नाही, हे मला जमेना. प्रत पाठवली आणि लगोलग व्हिडिओ कॉल केला, तिने वाचायच्या आत सांगावं म्हणून. पण तिने उघडलीच होती.

"आई, हे काय लिहिलंय?"

सगळं सांगितलं. सुई, ३ आकडा, तीन महिने. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"कधीपासून माहितीये?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि मी तुला रोज पाय सुजल्याचं सांगत होते."

"ते सांगायचंच गं तू."

थोड्या वेळाने म्हणाली, "गळा दाखव." मी मंगळसूत्र बाजूला करून फोन जवळ नेला. तिला काही दिसेना. दिसत नाहीच ती, गिळताना हाताला लागते फक्त. तिने आपल्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि आवंढा गिळून बघितला. इकडे मीही.

"आता पुढचा रिपोर्ट आला की पहिला फोन मला," ती म्हणाली. "बाबांच्या आधी."

मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि विचारलं, "तुझं विमान कितीला उतरतंय?"