तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकच्या महोत्सवाला येताना बॅगेत काय हवं?

हिवाळा आला की मुंबई-पुण्याच्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. नाशिकला मोकळ्यावर गाण्याचा महोत्सव आहे, काय घालून येऊ आणि सोबत काय घेऊ? बहुतेक वेळा निमित्त सुलाफेस्टचं, म्हणजे सुला या वाइन कंपनीच्या संगीत महोत्सवाचं असतं. गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यांत 2008 साली सुरू झालेला हा महोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरत आलाय. पण थंडीत नाशिकच्या आसपास रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमाला हेच लागू आहे.

बॅग भरताना दुपार डोळ्यांसमोर आणू नका, रात्रीचे दहा आणा. फेब्रुवारीत नाशिकला दुपारी तीसेक अंशांपर्यंत पारा जातो आणि पहाटे बारा अंशांच्या आसपास उतरतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. त्यात धरणावरून वारा येतो. मुंबईकर दुपारच्या उन्हात टी-शर्ट आणि हाफ पँटवर येतात आणि आठ वाजता कुडकुडायला लागतात. बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, त्यामुळे गाडीत ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग शून्य.

थंडी वाजण्याचं खरं कारण मात्र पुष्कळदा अंगातला ओला कपडा असतो. दुपारभर नाचून सुती टी-शर्ट घामाने भिजतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि वारा सुटला की तेच अंग गार करतं. म्हणून एक कोरडा टी-शर्ट किंवा बनियन घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि सूर्य मावळायच्या सुमारास, अंग गरम असतानाच, बदला. ओला कपडा त्याच पिशवीत जाईल. त्यावर पातळ स्वेटर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं विंडचीटर. एका जाडजूड जाकिटापेक्षा हे दोन पातळ थर बरे, दुपारी बॅगेत मावतात. कानटोपी आणि मोजे विसरू नका. दारू घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वाइनने ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेकडे रक्त जास्त वाहतं आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर पडते. स्वेटर काढायचा मोह तेव्हाच होतो.

पायांबद्दल आम्ही जरा हट्टानेच सांगतो. बंद बूट घाला, तेही वापरून रुळलेले. कोल्हापुरी चपला कितीही शोभल्या तरी उतारावर, दव पडलेल्या गवतावर सटकतात, आणि गर्दीत बोटांवर कुणाचा तरी पाय पडतोच. शिवाय कुसळं. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं; त्याचं एकेक कुसळ सुईसारखं टोकदार, मागे बारीक उलटे केस. ते मोज्यात पुढेच सरकतं, मागे येत नाही. लोकरी शालीला आणि तिच्या गोंड्यांना तर ती झुंबडीने चिकटतात. जमिनीवर पसरायला म्हणून लोकरीचं काही आणू नका. गुळगुळीत कापडाची चटई किंवा जाड सतरंजीची चौघडी आणा. पायऱ्यांवर बसणार असाल तरी बुडाखाली काहीतरी हवंच. उन्हात तापलेला दगड संध्याकाळी उबदार लागतो, पण रात्री उशिरा तोच अंगातली ऊब ओढून घेतो. खोलगट जागेत थंड हवा उतरून साचते, आणि गर्दीच्या कडेला बसलेल्यांना ती आधी जाणवते.

दुपारसाठी काठाची टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन. चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. छत्री सहसा आत नेऊ देत नाहीत. पण नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचाराल तर अवकाळीचा भरवसा कुणीच देणार नाही, म्हणून ढग दिसत असतील तर घडीचा पातळ रेनकोट ठेवा. काचेच्या बाटल्या, स्प्रे, बाहेरचं खाणंपिणं यांचे नियम तिकिटावर छापलेले असतात, ते घरीच वाचा. लेन्स वापरत असाल तर चष्मा सोबत हवा. धुळीने डोळे चुरचुरतात.

कानात घालायचे फोमचे बोळे, इअरप्लग, बहुतेकांना अनावश्यक वाटतात. स्टेजजवळ आवाज 100 डेसिबलच्या घरात जातो आणि त्या पातळीला 15 मिनिटंच सुरक्षित मानतात. बोळा कोरड्या बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा काही रोखत नाही. गाणं ऐकू येतंच, फक्त दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहत नाही. लहान मुलांना बोळे बसत नाहीत, त्यांच्यासाठी अख्खा कान झाकून आवाज अडवणारे इअरमफ घ्या.

मोबाइल, ओळखपत्र आणि पैसे बॅगेत नको, चेन असलेल्या खिशात ठेवा. हजारोंच्या गर्दीत नेटवर्क लटकतं आणि यूपीआय अडकतं, म्हणून शंभराच्या आठ-दहा नोटा हव्यात. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढा. पॉवर बँक दहा हजार एमएएच क्षमतेची पुरे, पण केबल तपासून घ्या. टिश्यू, कागदी साबण, सॅनिटरी पॅड आणि रोजची औषधं एका छोट्या पाउचमध्ये ठेवा.

परतीची गाडी सकाळीच ठरवा. नाशिकरोड स्टेशन धरणाच्या बाजूपासून वीसेक किलोमीटर आहे आणि कार्यक्रम सुटल्यावर सगळे एकदमच रिक्षा शोधत असतात. गेटपाशी न थांबता चालकाला पुढच्या एखाद्या ठळक खुणेपाशी बोलवा, आणि ती खूण नेटवर्क असतानाच ठरवून घ्या.

घरी गेल्यावर मोजे आणि पँटचे पाय चिकटपट्टीने झटकून मगच मशीनमध्ये टाका. नाहीतर एका मोज्यातली कुसळं सगळ्या कपड्यांत पसरतात आणि पुढचे कित्येक दिवस बनियनमधून टोचत राहतात.