चार विसा नि दहा : सोलापुरात सुरू झालेले माझे फ्रेंच

सोलापुरात वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर पुण्यातील विद्यापीठात फ्रेंच विषयात एम.ए. करण्याचे मी ठरवले, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो असा की, हे कोणाच्या सांगण्यावरून? सांगणारे कोणीच नव्हते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी हौस म्हणून एका खासगी वर्गात नाव घातले होते आणि तेथून ही भाषा सुटली नाही, एवढेच. मात्र त्या वर्गातील पहिले सहा महिने जवळजवळ वाया गेले, आणि का गेले हे कळायला मला पुढे बराच काळ लागला.

त्या वर्गात फ्रेंचचा प्रत्येक नियम इंग्रजीतून सांगितला जाई. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा तिघींना पहिल्याच आठवड्यात, आधी इंग्रजी सुधारा आणि मग फ्रेंचकडे वळा, असे सुचवण्यात आले. मीही ते मनावर घेतले आणि प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत आणि नंतर फ्रेंचमध्ये असे दुहेरी हेलपाटे घालू लागले. निर्जीव वस्तूंना लिंग असते, हे इंग्रजीतून ऐकताना विचित्र वाटे. वास्तविक खुर्ची ती, दरवाजा तो आणि पुस्तक ते, हे आम्ही शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो होतो. फ्रेंचमध्ये तर तीनऐवजी दोनच लिंगे आहेत. तेथेही खुर्ची स्त्रीलिंगी आहे, पण पुस्तक पुल्लिंगी, त्यामुळे पाठांतर टळत नाही; टळते ते आश्चर्य.

माझी वाट बदलली ती आजीमुळे. सत्तरनंतरचे फ्रेंच आकडे मी मोठ्याने घोकत होते : सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. आजीने विचारले, यात घोकायचे काय आहे? तिच्या माहेरी मोजणी विसांनीच व्हायची आणि नव्वदला ती अजूनही ‘चार विसा नि दहा’ म्हणते. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी ‘सेप्तांत’, ‘नोनांत’ असे सरळ शब्द ठेवले आहेत, हे मला नंतर समजले. पण परीक्षेला आजीचाच हिशेब कामाला आला.

त्यानंतर मी एक वही केली. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे मराठी, मध्ये इंग्रजी नाही. ‘तो गेला, ती गेली’ हा फरक इंग्रजीत दिसत नाही, फ्रेंचमध्ये तो लेखनात दिसतो : ‘गेला’ या अर्थाच्या फ्रेंच ‘आले’ (allé) या कृदंताला, म्हणजे क्रियापदापासून झालेल्या रूपाला, स्त्रीलिंगी कर्ता असेल तर शेवटी एक ‘e’ हे अक्षर वाढते, उच्चार मात्र तोच राहतो. सर्वांना छळणारा नियम म्हणजे कर्म क्रियापदाच्या आधी आले तर कृदंताने त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचे. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ आणि ‘मी लिहिलेला लेख’ हे शेजारी लिहिल्यावर तो नियम मला पुन्हा समजावून घ्यावा लागला नाही.

अर्थात मराठीने एकदा तोंडघशीही पाडले. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ म्हणजे आपले तू आणि तुम्ही, म्हणून मी निर्धास्त होते. एम.ए.च्या पहिल्या सत्रात एका प्राध्यापकांना पत्र लिहिताना, ‘सर आले’ या आपल्या सवयीने मी कृदंतही आदरार्थी अनेकवचनी केले. फ्रेंचमध्ये आदरासाठी सर्वनाम आणि क्रियापद अनेकवचनी होते, पण व्यक्ती एकच असेल तर कृदंत एकवचनीच राहते. पत्र परत आले, त्यात तेवढे एकच अक्षर लाल शाईने खोडलेले होते.

प्रवेशापूर्वी मी देल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेची बी २ ही पातळी दिली. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशा चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० हवेत आणि कोणत्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. प्रमाणपत्राला मुदत नसते. परीक्षा पुण्यात होती, त्यामुळे सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाण्याचा मोह टाळून मी आदल्या दिवशीच गेले. श्रवणाच्या चाचणीला अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठात भाषेपेक्षा जड गेली ती लिहिण्याची शिस्त. आमच्या शालेय निबंधाची सुरुवात सुविचाराने होई. फ्रेंच ‘दिसेर्तासिओं’ या निबंधप्रकारात प्रस्तावनेतच नेमका प्रश्न उभा करावा लागतो आणि मग बाजू, प्रतिबाजू आणि त्यांच्यापलीकडचा विचार असा युक्तिवाद चालवावा लागतो. माझ्या पहिल्या तिन्ही लेखांवर एकच शेरा होता : प्रश्न कुठे आहे?

संस्कृतीच्या विषयासाठी सादरीकरण करायचे होते. वर्गातील बहुतेकांनी पॅरिस घेतले, मी फ्रान्समधीलच लिओं हे शहर घेतले. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे आणि वडील चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर काम करतात. त्या मागाला ज्याचे नाव मिळाले तो जोसेफ मारी जकार्ड १७५२ मध्ये लिओंमध्ये जन्मला आणि त्याचे यंत्र १८०४ चे. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, जेथे छिद्र असेल तेथील उभे धागे उचलले जातात आणि त्यातून नक्षी उतरते. याच शहरातील रेशीम विणकरांनी, ज्यांना ‘कान्यू’ म्हणत, १८३१ मध्ये मजुरीच्या दरासाठी उठाव केला होता. मजुरीच्या दराचा वाद सोलापूरकराला परका नाही, म्हणून हा भाग मी जरा लांबवलाच.

तयारी करताना ‘मेतिए’ या शब्दापाशी मी अडले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ व्यवसायही होतो आणि मागही. वडिलांना फोनवर हे सांगितले, तेव्हा मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता आणि त्यांना मला दोनदा विचारावे लागले. मग ते म्हणाले, “आमच्याकडे तरी दुसरं काय आहे?” सादरीकरणात मी हे वाक्य मराठीतच म्हटले आणि नंतर त्याचा अनुवाद केला. तेथे एक कृदंत चुकले, पण त्या दिवशी कोणी ते खोडले नाही.