तुम्ही विचारलंत म्हणून: केंद्र चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

वृद्धांच्या देखभाल केंद्रात मी बरीच वर्षं रात्रपाळी केली. त्यामुळे कुणाच्या आईवडिलांना ठेवायची वेळ आली की हा प्रश्न घेऊन मला फोन येतोच.

लोक फरशी बघतात, भिंतीवरची प्रमाणपत्रं बघतात. ती खोटी नसतात, पण तपासणीच्या दिवसापुरती असतात. मी टाचा बघते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच किंवा माकडहाडाजवळची कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही तो लालपणा जात नसला, तर बेडसोरची (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली समजा. साधारण दर २ तासांनी कूस बदलायची असते. तशा सह्या वहीत असतातच. मात्र एकाच पेनाने, एका दमात ठोकलेल्या सह्या लगेच कळतात. (मीही ठोकल्यात. २२ जणांना आम्ही दोघी होतो.) म्हणून रात्री किती माणसं कामावर असतात, ते आधी विचारा.

"किती शांत आहेत सगळे!" असं कुणी कौतुकाने म्हटलं की मला धास्ती वाटते. डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) माणूस संध्याकाळी बेचैन होतो, घरी जायचं म्हणून दाराशी जातो. त्याच्याशी बोलत बसायला अर्धा तास जातो, शांत करणारी गोळी द्यायला अर्धं मिनिट. अशा रुग्णांना नव्या पिढीची अँटिसायकोटिक औषधं (म्हणजे गंभीर मानसिक आजारांवरची औषधं) दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला आहे. तेव्हा गोळी कसली, कशासाठी, बंद कधी करणार, हे विचारायला लाजू नका.

माणसाला पलंगाला बांधण्याचं मात्र अवघड आहे, कारण ते बऱ्याचदा घरचेच सुचवतात. एक आजोबा रात्री लघवीला एकटेच उठायचे. मुलगा म्हणाला, "सिस्टर, पट्टा लावा, मी सही देतो." बांधून ठेवलं की पायांतलं बळ जातं आणि माणूस सुटायच्या धडपडीत जास्त लागून घेतो, हे मी त्याला सांगितलं. आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला उठवत जा, बांधू नका." मग पलंग खाली केला, शेजारी गादी टाकली आणि रोज ३ वाजता मीच त्यांना न्यायला लागले.

तरी एकदा ते पडले, मनगट मोडलं. मुलगा पुन्हा माझ्याशी बोलला नाही. आजोबा मात्र प्लास्टरचा हात छातीशी धरून ३ च्या आधीच हाक मारायचे.